रविवारचं धुणं

धुण्याच्या पावडरचा वास आला की मला जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातल्या आमच्या जुन्या इमारतीचं तळघर आठवतं. रविवारी तिथलं वॉशिंग मशीन लावायचं नाही, असा घरमालकिणीचा कडक नियम. तरी बायको दर रविवारी दुपारी मळके कपडे घेऊन खाली जायची आणि दोन तासांनी तेच कपडे कोरडेच परत आणायची. शेजारचा तरुण जर्मनही नेमका त्याच वेळी खाली सायकल दुरुस्त करायला जायचा. एका रविवारी मी चपला हातात घेऊन जिना उतरलो. दार बंद, आणि दाराबाहेर तोच! मी काही बोलायच्या आत त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "प्रुफुंग," तो कुजबुजला, "दर रविवारी ती इथं अभ्यास करते, आज मॅनेजमेंटच्या ऑनलाइन पदवीची शेवटची परीक्षा आहे तिची. कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं तर बाद करतात. तुम्हाला ठाऊक नाही?" घरमालकिणीलासुद्धा ठाऊक होतं, तळघराची किल्ली तिनंच दिली होती. बायको बाहेर आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "मलाच का नाही सांगितलंस?" "तू हसला असतास," ती म्हणाली. हसलो नसतो, असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.