घाटावर नेलेलं जातं

गावपळणीला सगळा गाव वेशीबाहेर पडला. चौथ्या दिवशी देवाचा कौल झाला आणि सगळे आत गेले. मी गेलो नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या मालवणाकडच्या गावात दर तीन-चार वर्षांनी देवाचा हुकूम होतो. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन आम्ही वेशीपलीकडे माळावर झोपड्या घालून राहतो. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, कोंबडं आरवत नाही. तेव्हा गाव कोणाचा असतो, ते कोणी विचारत नाही. कौल मिळाला की परत घरी. त्या वर्षी माझी बायको वारली होती. लेक शैला आणि कोल्हापूरचे जावई गाडी घेऊन वेशीवर आले होते. घरी पाऊल टाकलं असतं तर निघालो नसतो, म्हणून तिथूनच गाडीत बसलो.

शेजारचा वामन बैल धरून उभा होता. "रे, देवान आत बोलावल्यार तू भायर जातंस? बरा नाय ता. घर वाट बघता."

"बघूंदे," मी म्हणालो.

गावात राहिलेल्यांसाठी हे लिहितो आणि माझ्यासारख्या घाट चढून गेलेल्यांसाठीही. चौथी नापास माणूस आहे. चुकलं तर सांभाळून घेऊ नका, सांभाळून घेतलेलं मला कधी आवडलं नाही.

कोल्हापूर दुधाचा गाव. संध्याकाळी म्हशी रस्त्यावर आणतात, समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. जावयांच्या मित्रांनी हसून विचारलं, "मामा, तांदूळ खाणाऱ्या पोटाला सोसंल काय?" मी उभ्याउभ्या दोन ग्लास संपवले. घरी रोज चपाती, वर तूप. गावी गव्हाची पोळी सणाला व्हायची, तेवढीच. सहा महिन्यांत माझी विजार कमरेवर राहीना. पोट फुगायचं, ढवळायचं आणि रिकामं व्हायचं. जेवढा मी वाळत गेलो तेवढं लेक जास्त दूध देत गेली.

मला कारण माहीत होतं. वामनाने वेशीवर सांगितलं होतं ना.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं बघितलं. आजाराचं नाव इंग्रजी आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. गहू तुमच्या आतड्याला जाळतो, म्हणाल्या. आतडं जळलं म्हणून दूधही पचत नाही. दूध पुढे कदाचित परत घेता येईल, गहू कधीच नाही. "कधीच म्हणजे किती दिवस?" मी विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे रक्तातून येतं, घरातल्या मुलांचंही तपासून घ्या.

नात जुई तेव्हा सात वर्षांची. मी शैलाला बजावलं, "पोरीक सुयो टोचूक नकोत. माझा दुखणा माझा." लेकीने ऐकलं. माझं ऐकायची सवय तिला मीच लावली होती.

ताटातली चपाती गेली, पण मी काही सोडलं नाही. दुपारी शैला कामावर असायची. बिस्किटांचा डबा कुठे असतो ते जुईला माहीत होतं. चहात बुडवून आम्ही दोघं खायचो. सत्तर वर्षं समुद्रावरचा वारा खाल्लेल्या माणसाला चिमूटभर पीठ काय करणार?

मग एका सकाळी शैला जुईच्या शाळेच्या स्कर्टचा हूक काढून आत शिवताना दिसली. "किती वेळा घेतलंस आत?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली. "उंची वाढता असतली, बाबानू."

उंची वाढत नव्हती. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ होती, तिच्यावर दुसरी रेघ चढली नव्हती.

मला नानू आठवला. माझा धाकटा भाऊ. मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट, पुढे शाळा सुटलीच. नानूचं पोट मडक्यासारखं आणि हातपाय काडीसारखे. आई त्याचा पोटाखालून घसरणारा करगोटा सोडून पुन्हा आवळून बांधायची. गाठ पुढे सरकत गेली आणि सुटं टोक त्याच्या मांडीपर्यंत लोंबायला लागलं. कोणी दृष्ट म्हटलं, कोणी आणखी काही. आम्ही सगळे पेज प्यायचो, पण आजाऱ्याला पेज द्यायची लाज वाटायची. आई म्हणायची, "पेज आमका, पाव आजाऱ्याक." होडीने खाडी ओलांडून बेकरीतला पाव आणायचा, दुधात कुस्करायचा आणि नानूला भरवायचा. आणायचं काम माझं. पाव सदऱ्यात धरायचो, गरम राहावा म्हणून पळत यायचो. वाटेत एक तुकडाही तोडला नाही, ह्याचा मला फार अभिमान होता. पावसाळ्याआधी नानू गेला.

त्याला काय झालं होतं ते आता कोणी तपासू शकत नाही. पण त्या सकाळी मी हूक बघत बसलो आणि माझ्या हाताला पावाची ऊब लागली.

"आजच्या आज रक्त तपासूक न्हे तिका," मी शैलाला म्हणालो.

निघालं तेच. देव नव्हता, वेस नव्हती. मी कोल्हापूरला येण्याआधीच ते तिच्या रक्तात होतं, माझ्याकडून गेलेलं. वामनाचं बोलणं खरं असतं तर बरं झालं असतं. देवाला गाऱ्हाणं घालता येतं.

जुईला सांगितलं, गहू नाही, बिस्कीट नाही, दूध नाही. ती म्हणाली, "आजो तर खातोय की!"

शैलाने माझ्याकडे बघितलं. डब्याचं तिला तेव्हा कळलं. आयुष्यात मला कोणी इतकं मारलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या तोंडात गहू गेला नाही. घरात पेज आली, घावणे आले, नाचणीची भाकरी आली. मासळीला रव्याऐवजी तांदळाचं पीठ. दुधाच्या जागी नारळाचा रस. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं, हे कोणाला माहीत होतं? ती डबी मीच फेकली. मी भरायला लागलो. जुई मात्र नाही. रात्री पोट धरून वळायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तांदूळ कुठे दळता?"

कोपऱ्यावरच्या गिरणीत. गव्हाच्या मागून आमचे तांदूळ. गिरणीवाला भला माणूस, दगडावर फडकं मारून द्यायचा, पण गव्हाचं पीठ दगडात राहायचंच.

आईचं जातं आणायला मी एकटा गावी गेलो. कुलूप उघडेना, दगडाने फोडलं. वाळवी वाशापर्यंत चढली होती. गावपळणीला चूल विझवली तेव्हाची राख तशीच होती, आणि माझ्यामागे ती कोणी चाळवली नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. पडवीत जातं होतं. वामन दारात आला, आत आला नाही.

"इलंस शेवटी."

"ऱ्हवाक नाय. न्हेवक इलंय."

"आणि घर?"

मी जात्याची वरची तळी उचलून त्याच्या हातात दिली. "बोलतंस कित्याक? उचल."

आता रोज सकाळी गॅलरीत बसून दळतो. तांदूळ मी धुतो, मी वाळवतो. लेकीलाही हात लावू देत नाही. वरच्या मजल्यावरची बाई वाकून म्हणाली, "आजोबा, बायकांचं काम करालासा?"

"ओवी येत नाही, तेवढंच उणं," मी म्हणालो.

जुईच्या वाढदिवसाला केक नव्हता. त्याच पिठाचे शिरवाळे केले, गुळाच्या नारळरसात बुडवून. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "ह्या नूडल्स गोड कशा?" जुईने ऐटीत सांगितलं, "आमच्या गावच्या आहेत." तिने आमचा गाव पुरता दोनदाही बघितलेला नाही.

गावचे विचारतात, परत कधी येतंस? नाही येणार. गावपळणीतून तीन दिवसांनी परतता येतं, कारण कौल देणारा कोणी असतो. आमच्या ह्या पळणीला कौल नाही. जिथे त्या पोरीच्या ताटात मला आधी हात घालून बघावं लागत नाही, तेवढीच जागा आता माझं घर. ती जात्याच्या तोंडाएवढी आहे.

परवा शैला स्कर्ट घेऊन बसली. मी दळायचा थांबलो. तिने हूक आत घेतला नाही. बाहेरही काढला नाही. चाचपून बघितला आणि स्कर्ट तसाच घडी करून ठेवला.

मी पुन्हा खुंटा धरला.