शेवटच्या कडव्यातलं नाव

सुदामदादा गेले, असा ढोलकीवाल्या अशोकचा फोन आला तेव्हा मी टँकरच्या नळीखाली ड्रम लावून उभा होतो. "बरं," म्हणालो आणि ड्रम भरत राहिलो. भरून वाहायला लागला तरी नळी काढली नाही. शेजारीण ओरडली, "अहो, पाणी चाललंय ना वाया!" त्याला महिना उलटला. अजून रडू आलेलं नाय. दगड झालोय की काय, कळत नाही.

दादा उस्मानपुऱ्यात राहायचे, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते आणि गाणी लिहायचे. जयंतीला आमच्याकडं त्यांच्या गाण्याशिवाय मिरवणूक हलायची नाही. आवाज मात्र फुटका. म्हणून लिहायचे ते, चाल लावायचो मी, आणि आमची गायनपार्टी ते गाणं गावोगाव न्यायची. आमच्यात रीतच आहे, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. तेवढीच त्याची सही. "नावापाशी घाई करू नको, प्रकाश," दादा सांगायचे, "दम घे, मग म्हण."

दुष्काळाच्या साली गंगापूरकडच्या एका गावात त्यांचं पाण्याचं गाणं घेतलं. दादा ड्यूटीवर होते. समोर अख्खं गाव, रिकामे हंडे बाजूला ठेवून बसलेलं. काय दुर्बुद्धी सुचली कुणास ठाऊक... 'सुदाम म्हणे'च्या जागी मी 'प्रकाश म्हणे' गाऊन मोकळा झालो. चालीत चपखल बसलं मेलं! लोकांनी वन्समोअर दिला. मग तेच तोंडी पडत गेलं. शहर वाढलं, शेतांच्या कॉलन्या झाल्या, हातोहाती मोबाइल आले, आणि गाणं सगळीकडं माझं म्हणून वाजू लागलं. दादांच्या कानावर गेलं नसेल? एकदा एवढंच म्हणाले, "चाल लई गोड लागली रे." मी मान खाली घालून चहा प्यालो. माफी आज मागू, उद्या मागू... राहून गेली.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात आम्ही तेच गाणं घेतलं. आज नाव परत करायचं, मी मनाशी पक्कं केलं होतं. समोर दादांचा फोटो, शेजारी वहिनी. शेवटचं कडवं आलं. दम घेतला... आणि तोंडातून पडलं, 'प्रकाश म्हणे'. जिभेला तेच वळण! अशोकची ढोलकी थांबली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "परत घ्या भाऊजी. नाव चुकलं."

परत घेतलं. या वेळी 'सुदाम म्हणे' नीट आलं. पण हॉलमधले लोक, ज्यांना गाणं माझंच म्हणून पाठ, ते सवयीनं एका सुरात 'प्रकाश म्हणे' म्हणाले. वहिनी फोटोकडं बघत राहिल्या.

निघताना त्यांनी दादांच्या हातचा त्या गाण्याचा कागद माझ्या हातात दिला. आता रोज सकाळी पेटी उघडतो, कागद समोर ठेवतो आणि तेवढंच कडवं घेतो. नावापाशी थांबतो, दम घेतो. चुकलं की स्वयंपाकघरातून बायको म्हणते, "परत घ्या." काल दोनदा म्हणाली.