रिमची आतली बाजू

कुठल्याही रंगवलेल्या वस्तूवरून काका आधी बोट फिरवायचे, आणि तेही मागच्या बाजूने. आमच्या सोसायटीच्या लोखंडी गेटवरून तसंच बोट फिरवून म्हणाले होते, "मागून रंग मारूकच नाय. म्हणजे पुढचा पण जाणार."

मूळचे कोकणातले, राहायला घाटकोपरच्या टेकडीवर. उमेदीची वर्षं आरे कॉलनीजवळच्या एका गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेली.

आमचं संकुल मुलुंडचं. बावीस मजले, नावात 'फार्म', आणि आत एक वाफाही धड नाही. ही उणीव भरून काढायला कमिटीने भंगारातला जुना ट्रॅक्टर आणला, गेटपाशी सेल्फीसाठी. मी सेक्रेटरी, म्हणजे ठराव लिहिणारा. तो रंगवायला काकांना मीच शोधून आणलं.

अध्यक्षांनी सांगितलं, "काका, गंजावरूनच सिल्व्हर मारून टाका. रविवारी उद्घाटन आहे."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर ट्रॅक्टर विटांच्या थरावर उभा, टायर एका बाजूला, आणि काका रिमच्या आत तारेचा ब्रश घासत बसलेले.

"आतून कोण बघणार आहे?" मी विचारलं.

"गंज बघता ना."

उद्घाटन दोन आठवडे पुढे गेलं. तेवढ्यात रंगावर दोन सभा झाल्या. भगवा, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाला कुणीतरी पक्ष चिकटवला. शेवटी घासताना एका रिमवर रुपयाएवढा मूळ रंग सापडला, दुधाच्या सायीसारखा. सायीच्या रंगाचा पक्ष कुणालाच आठवेना, म्हणून तो एकमताने मंजूर झाला.

काकांनी लाल प्रायमर मारला, पॉलिशपेपर फिरवला, मग सायीचे दोन हात दिले. बेअरिंगमध्ये ग्रीसही भरलं. ते कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मला बोलावून त्यांनी जॅकवर उचललेलं पुढचं चाक एका बोटाने ढकललं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो.

"आता ह्येका चाक म्हणूक हरकत नाय," ते म्हणाले.

गेटपाशी उतार आहे. काकांनी चाकांना विटा लावल्या होत्या. फोटोत त्या वाईट दिसतात म्हणून अध्यक्षांनी काढायला लावल्या आणि फेटा बांधून सीटवर बसले. ट्रॅक्टर निघाला. अगदी हळू, जराही आवाज न करता. फीत घेऊन, कुंड्या ओलांडून तो क्लब हाउसच्या भिंतीला टेकला. अर्ध्या उतारापर्यंत अध्यक्ष हात हलवून अभिवादन करत होते.

लागलं कुणालाच नाही. तरी चौकशीची सभा बसली. तुमच्याही सोसायटीत बसली असती.

"चाकं फिरली कशी?" अध्यक्षांनी काकांना विचारलं.

"चाकां आसत ती, साहेब."

कुणी हसलं नाही. मीही नाही. चाकं सिमेंटमध्ये पक्की करावीत आणि या कारागिराला पुन्हा काम देऊ नये, असा ठराव झाला. तो मीच लिहिला.

गवंडी आला त्या सकाळी काका न बोलावता आले. सिमेंट उडू नये म्हणून त्यांनी चारही रिमवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले आणि काम संपेपर्यंत बाजूला बसून राहिले. मग कागद सोडवले, घडी करून पिशवीत भरले.

मी चहाचं विचारलं.

"नको. शिंतोडा नाय पडूक, तेवढा बघून घ्या."

मी वाकून एकेक चाक बघितलं. एकही डाग नव्हता. सांगायला उठलो, तर ते गेटबाहेर पोचले होते. पुन्हा आले नाहीत.