टिमकीचा लूप

काल शेजाऱ्यांनी नारळाची सोडणं पेटवली आणि त्या धुरासरशी मला बोर्लीचं ते अंगण आठवलं. मी संगीतकारांसाठी तालाचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारे तुकडे, बनवतो. खालूबाजा या कोकणी वाद्यताफ्यातली टिमकी रेकॉर्ड करायला तिथे गेलो होतो. म्हाताऱ्या वादकाने सोडणांच्या आगीवर टिमकी शेकून तिचं कातडं ताणून घेतलं, मी त्याच्या कानांवर बिनवायरचा हेडफोन चढवला आणि त्यातल्या लय दाखवणाऱ्या टकटकीवर वाजवायला सांगितलं. माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर त्याचा प्रत्येक ठोका मागे पडत होता. "काका, ताल सुटतोय," मी सगळ्या ताफ्यादेखत चारदा म्हणालो. जोडीदार हसायला लागले. पाचव्यांदा मी हेडफोन काढून घेतला. "राहू द्या, वय झालं आता." "व्हय, माजंच चुकत असंल," म्हणत त्याने काड्या धाकट्या भावाच्या हातात दिल्या. अलिबागला परतल्यावर कळलं, की त्या हेडफोनमध्ये टकटकच उशिरा पोचत होती. मी सगळे ठोके एकदम तेवढेच अलीकडे ओढले, तर एकही केसभर इकडेतिकडे नव्हता. पुढच्या शिमग्याला तो पालखीमागून रिकाम्या हातांनी चालला, असं ऐकलं. त्याच्याच ठोक्यांचा लूप मी विकायला ठेवला; लोक तो अजून घेतात, ताल पक्का आहे म्हणतात. त्याचा फोन नंबरही अजून माझ्याकडे आहे.