वांग्याचा देठ आणि माझा आजार

परवा फोनवर लाडवांबद्दल तुम्ही ‘थँक्यू, आजी’ म्हणालात आणि मी लगेच विचारलं, ‘पोटबिट दुखतंय का रे?’ आजीचं डोकं फिरलेलं नाही. क्रमाने सांगते.

तुमची आई पहिलीत होती तेव्हा मी आर्वीकडच्या खेड्यांतले प्रौढ साक्षरता वर्ग तपासत एसटीने फिरायची. एके दिवशी संध्याकाळी तिच्या शाळेत नाटुकलं होतं आणि ती वांगं होणार होती. जांभळा झगा घरी तयार होता. देठाची हिरवी टोपी मात्र माझ्या पिशवीत, बसमध्ये शिवून पुरी केलेली. “देठ नसला तर मी जांभूळ दिसेन,” असं ती सकाळी रडत म्हणाली होती. चारची बस चुकून चालणार नव्हतं.

वर्ग आटोपल्यावर वर्गातल्याच एका म्हातारीने मला जेवायला घरी नेलं. ज्वारीची भाकर, बेसन, कांदा. घरात सतरंजी एकच. तिच्यावर मला बसवून ती स्वतः जमिनीवर बसली. इथे ‘थँक्यू’ शोभायचं नाही, म्हणून हात जोडून शुद्ध मराठीत म्हणाले, “मी आपली अत्यंत आभारी आहे.”

म्हातारी ताडकन उठली.

“काय म्हंते वं बाई?” शेजारणीने दारातून विचारलं.

“आजारी हाये म्हंते. लय बिमार!”

“आजारी नाही हो, आभारी!”

“हो माय, तेच. काऊन नाई सांगतलं मंघाशी? दोन भाकरी खाऊ घातल्या म्या तुले!”

जेवू घातल्याबद्दल ‘आभारी’ असं त्या घरात आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. तिच्या कानांनी आपल्या सोयीचा शब्द ऐकला.

मला बाजेवर आडवं केलं. डोक्याला लसणाचं तेल चोळलं. चहासाठी राखलेलं कपभर शेळीचं दूध मला पाजलं. पांघरायला काही मिळतं का म्हणून पिशवी उघडली, तर टोपी निघाली.

“घाल वं डोक्यात. कानाले हवा लागन.”

“मला काही झालेलं नाही! मला चारची बस गाठायचीय!”

“बिमार मानूस असंच म्हंते,” शेजारीण म्हणाली. “आन् पायी जातं? जीव द्याचा हाये काय?”

शेजारणीच्या नवऱ्याने नुकतेच सोडलेले बैल पुन्हा जुंपले. गावाला शिकवायला आलेल्या बाई डोक्यावर देठ घालून, बैलगाडीत आडव्या होऊन थांब्यावर पोचल्या. कंडक्टरने अख्खं बाक रिकामं करवलं. आर्वीपर्यंत मला कुणी उठून बसू दिलं नाही.

देठ वेळेवर पोचला. फक्त पहिल्या रांगेपर्यंत वांग्याला फोडणीचा वास येत होता.

पुढच्या खेपेला मी आभाराचं सोपं वाक्य पाठ करून गेले. म्हातारीने दारातच विचारलं, “तबेत कशी हाये वं?”

वाक्य मी गिळून टाकलं. जेवताना ताट पुढे केलं आणि म्हणाले, “अजून एक भाकर घाला, आजी.”

ती बोळकं पसरून हसली. “आता बरी झाली!”

तेव्हा लाडू संपले की नुसतं ‘अजून पाठव’ म्हणा.