गोष्टीतलं माकड

माझ्याकडे एक गोष्ट आहे. ठेवणीतल्या पैठणीसारखी ती मी वर्षातून एकदाच बाहेर काढते, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. कोपर्निकस मार्गाजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही दिल्लीतली मराठी मंडळी जमतो. पुढच्या खुर्च्यांवर सगळा जन्म इथे काढलेल्या काकू बसतात. मागे भिंतीला टेकून लातूर-बुलढाण्याकडून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं उभी असतात, त्यांचा डोळा गुळाच्या पोळ्यांवर. वाण लुटून झालं की कुणीतरी म्हणतंच, "चलो, आता माकड होऊन जाऊ दे." मी दोनदा नाही म्हणते, कारण एकदाच नाही म्हटलेलं शोभत नाही, आणि पदर खोचून उठते.

तर, आम्ही तेव्हा हिंदूरावच्या टेकडीपाशी भाड्याच्या घरात राहायचो. टेकडीवर माकडं पुष्कळ आणि जानेवारीत धुकं इतकं, की ते दारातून सरळ घरात यायचं. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. आईनं विणलेला तपकिरी स्वेटर आणि तशीच तपकिरी माकडटोपी घालून तो दिवाळीनंतर जो आत शिरायचा, तो होळीलाच बाहेर यायचा. त्या वर्षी गावाहून आत्या आली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कबूल करायची नाही. संक्रांतीच्या सकाळी ती स्वयंपाकघरात बसून तिळाचे लाडू वळत होती. तेवढ्यात खिडकीतून एक माकड आत आलं आणि तिच्या समोरच्या पाटावर पाहुण्यासारखं बसलं. मी दारात उभी होते, हातात हलव्याची वाटी. ओरडायचंसुद्धा सुचेना.

आत्यानं मान वर केली. "उठलास? घे. तिळगूळ घे, गोड बोल." माकडानं हात पुढे केला. "अरे, उजवा." आणि शपथेवर सांगते, माकडानं हात बदलला. आत्यानं तो हात धरून डोळ्यांजवळ नेला. "नखं किती वाढलीत रे. तुझ्या आईला वेळ होत नाही वाटतं." मग कौतुकानं दुसरा लाडू दिला. दोन्ही लाडू घेऊन माकड आल्या वाटेनं शिस्तीत निघून गेलं. पाठोपाठ खरा भाऊ डोळे चोळत आला आणि त्यानं हात पुढे केला. आत्या कडाडली, "आत्ता दोन घेऊन खिडकीतनं गेलास ना, मग दारातनं परत कशाला आलास?"

इथे हॉल कोसळतो. मी पाणी पिते. हसू ओसरत आलं, की पहिल्या रांगेतली माझी आई दरवर्षी एक वाक्य बोलते, तेही खुर्चीत ताठ बसून: "मग मी त्याला कडेवर घेतला."

हे वाक्य गोष्टीचा भाग नाही, पण तिनं ते बोलल्याशिवाय मी खाली बसत नाही. भाऊ अमेरिकेत आहे, संक्रांतीला त्याला कधीच सुट्टी नसते. तो येतो तो या एका वाक्यापुरता. सहा वर्षांचा, टोपीत, आईच्या कडेवर.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी त्याच्याकडे गेले. तो शिकवतो ते कॉलेज डोंगरातल्या एका गावात आहे. मी आपली आमच्या शाळेच्या हिल स्टेशन सहलीसारखं काहीतरी धरून चालले होते, शाल, काठी, सात वाजता सामसूम. निघालं भलतंच. गावाला मुख्य रस्ता एकच, पण त्यावर पाय ठेवायला जागा नाही. कॉफीची दुकानं, जुन्या पुस्तकांची दुकानं, पायरीवर बसून व्हायोलिन वाजवणारा एक दाढीवाला, आणि थंडीत अर्ध्या चड्डीवर हिंडणारी मुलं, ज्यांच्या आयांना फोन करून सांगावंसं मला वाटे. शनिवारी फुटबॉलची मॅच. त्या दिवशी सगळं गाव एकाच रंगाचे कपडे घालतं, कुत्रीसुद्धा. आणि या सगळ्या धामधुमीच्या टोकाला रस्ता संपतो तिथून डोंगर सुरू. लाल-पिवळं झालेलं जंगल थेट माथ्यापर्यंत, डोंगरानंच हळदीकुंकू मांडल्यासारखं. घराबाहेरच्या कचरापेट्यांना कड्या होत्या, अस्वलांना उघडता येऊ नयेत अशा. आमच्या टेकडीवरच्या एखाद्या माकडाला इथे आणलं तर अस्वलांकडून फी घेऊन शिकवणी काढेल, असं मी भावाला म्हटलं. तो हसला, पण जरा उशिरा.

खरी मौज पुढेच होती. पहिल्याच दिवशी त्यानं मला कॉफीच्या दुकानात नेलं. गल्ल्यावरच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचा चेहरा उजळला. "यू आर द सिस्टर? फ्रॉम द स्टोरी?"

शेजारच्या म्हाताऱ्यानं तेच विचारलं. भावाच्या ऑफिसातली बाई तर खुर्चीतून उठून मला भेटायला आली. तिनंही तेच म्हटलं, वर माझा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ बोटांकडे पाहत राहिली. मी काय समजावं? मी समजले, की माझ्या कथाकथनाची कीर्ती सातासमुद्रापार पोचली. बंधुराजांनी गावभर सांगून ठेवलंय, आमची ताई म्हणजे गोष्टीवाली. मी नम्रपणे मान झुकवत होते. दुसऱ्या दिवसापासून साडी नेसायला लागले. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात न मागता नमस्कार केला.

भाऊ म्हणाला, "ताई, इतकं काही करायला नको गं."

मी म्हटलं, "अरे, लोकांचं प्रेम आहे."

शेवटच्या शनिवारी त्यानं अंगणात माणसं बोलावली, प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं अशा बोलीवर. विद्यार्थी, शिक्षक, शेजारी. मधे शेकोटी. मी दिल्लीहून अवेळी केलेले तिळाचे लाडू नेले होते, कारण संक्रांतीला याला तिथे कोण देणार. ताट घेऊन फिरायला लागले, तर एका विद्यार्थिनीनं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि दुसरा पुढे करून लाजत मराठीत म्हणाली, "अरे, उजवा."

सगळे हसले. मला भरून आलं. भावानं माझी गोष्ट इथवर आणली, आत्याचा शब्द न् शब्द आणला. मग कुणी आग्रह केला नाही तरी मी एकदाच नाही म्हटलं आणि उठले.

माझं इंग्रजी शाळेच्या स्टाफरूममधलं आहे, पण गोष्टीला इंग्रजी लागतंच किती? धुकं हातांनी दाखवलं, आत्या डोळे बारीक करून दाखवली, माकड तर मी असं बसवलं की शेजारचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. आणि मी म्हटलं, आत्याला वाटलं, हा माझा भाऊच.

माणसं भावाकडे पाहायला लागली. भाऊ शेकोटीत लाकूड घालत होता, जे घालायची गरज नव्हती. ती विद्यार्थिनी गोंधळून म्हणाली, पण तपकिरी स्वेटरमध्ये तर तुम्ही होतात ना? दारातून सर बघत होते.

एका क्षणात सगळं लख्ख झालं. ते उजळलेले चेहरे. माझ्या बोटांकडे, म्हणजे नखांकडे पाहणारी ती बाई. गोष्टीतली बहीण. आठवडाभर मी साडी नेसून, मान झुकवत, गावभर मिरवले ती माकड म्हणून.

नाटकात दुसऱ्याचा संवाद चुकला तरी पडदा पाडता येत नाही. मी कपाळावर हात मारला आणि म्हटलं, हो, मीच होते, लाजेखातर दरवेळी त्याच्यावर ढकलते. हास्याचा असा स्फोट दिल्लीत इतक्या वर्षांत मला मिळाला नव्हता. भावानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला जंगलात फिरायला नेलं. पायवाटेवर पानांचा खच. समोरून येणारा प्रत्येक माणूस हसून गुड मॉर्निंग म्हणत होता, त्यामुळे भांडता येईना. मी दोन माणसांच्या मधल्या जागेत भांडत होते.

"चोर आहेस. माझी गोष्ट घेतलीस ती घेतलीस, मला पाटावर बसवलंस?"

त्यानं चालण्याचा वेग वाढवला.

"तू होतास कुठे बघायला? तू पांघरुणात होतास. दारात मी होते."

एक जोडपं कुत्रा घेऊन आलं. गुड मॉर्निंग. कुत्र्यालाही गुड मॉर्निंग.

ते गेल्यावर तो म्हणाला, "ताई, आधीच्या गावात मी खरीच सांगितली होती. तुझी. अगदी तुझ्यासारखी. मी नवीन होतो, वाटलं, हसतील, ओळखी होतील." जरा चालला. "हसले. मग दोघं-तिघं मला त्याच नावानं हाक मारायला लागले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. मैत्रीत म्हणे. गाव सोडेपर्यंत."

मी कुठलं नाव ते विचारलं नाही.

"मग सोडून द्यायची गोष्ट. दुसरी सांगायची."

"दुसरी कुठली आहे माझ्याकडे? सगळ्या तुझ्याकडेच असतात." आणि मग, खाली पाहत, "तू इतकी लांब होतीस. तुला इथे कोण हाक मारणार होतं?"

हे ऐकून मला जास्तच राग आला. यानं माझी गोष्ट नेली, माझी दारातली जागा नेली आणि आता असं काही सांगितलं, की रागवायचा माझा हक्कसुद्धा नेला. तो एवढा दुखावला गेलाय आणि मी लाडवांवरून भांडतेय. दगाच द्यायचा तर माणसानं नीट द्यावा. समोरच्याला निदान शिव्या तरी देता आल्या पाहिजेत.

परतताना तो म्हणाला, की आमच्या हॉलमध्ये येणाऱ्या एका काकूंचा नातू जानेवारीत त्याच्याच कॉलेजात येतोय. जायच्या आधी तो संक्रांतीला हॉलमध्ये असणार. मला जमलं तर यंदा पाटावर मीच बसावं. एवढंच म्हणाला. आणि आईला यातलं काही सांगू नकोस.

मी म्हटलं, बिल्कुल जमणार नाही. गोष्ट माझी आहे.

दिल्लीला लागूनच असलेल्या गाझियाबादला, माझ्या घरी परतले. आई माझ्याजवळच राहते. तिला मी डोंगर सांगितले, कुत्र्यांचे कपडे सांगितले, अस्वलांच्या कचरापेट्या तर करून दाखवल्या. तिनं विचारलं, त्याच्या तिथे माणसं आहेत ना चांगली? मी म्हटलं, खूप. ते खरंच होतं.

संक्रांत आली. हॉल भरला. तो नातू दुसऱ्या रांगेत, नवं जाकीट घालून. "चलो, माकड." मी दोनदा नाही म्हटलं आणि उठले, आणि खरंच सांगते, धुक्यापर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. मग आत्यानं मान वर केली, आणि मी माझ्या तोंडून ऐकलं: आत्याला वाटलं, ही मीच.

सगळ्यात वाईट म्हणजे ते छान जमलं. सांगणारी स्वतःच माकड, याच्यापेक्षा जास्त लोकांना काय हवं? नखांच्या वेळी मी माझी नखं पुढे केली. काकूंनी डोळे पुसले. मागची मुलं पोळ्या विसरली. तो नातू तर इतका हसला, की हा तिकडे जाऊन हीच सांगणार याबद्दल मला शंका उरली नाही. मी पाणी प्यायले आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं.

आई हसत होती, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकीच. हसू ओसरलं. मी थांबले. ती काही बोलली नाही. कुणीतरी पोळ्यांची परात उघडली आणि लोक उठले.

घरी येताना टॅक्सीत ती खिडकीबाहेर पाहत होती. यमुनेचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "तपकिरी स्वेटर त्याचा होता. तुझा लाल."

"माहीत आहे आई."

"मग बदललंस का?"

खरं सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, अशी जास्त रंगते. लोक बघ ना किती हसले.

"हसले, अच्छा झालं," ती म्हणाली. मग बराच वेळ तिनं पर्समधली तिळगुळाची पुडी नुसतीच हातात धरली. "पण यात तो कुठे होता गं?"

"पांघरुणात. झोपलेला."

आईनं पुडी परत पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"म्हणजे यंदा तो आलाच नाही."