गोळ्यांना गुंडाळलेली पत्रं

बाबा कोर्टात टायपिस्ट होते आणि निवृत्त झाल्यावरही टायपिस्टच राहिले. मी पीएचडीसाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले तेव्हा सगळं जग ईमेलवर बोलायला लागलं होतं, पण छे! दर पंधरा दिवसांनी पुण्याहून पाकीट हजर. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, चिवट कागद, डावीकडे नीट समास सोडलेला. मुद्दा एक, हवामान. मुद्दा दोन, तुझं लग्न. जावक क्रमांक तेवढा टाकायचा राहायचा. "अहो बाबा, मेल करायला शिका की आता," मी फोनवर वैतागायचे. "शिकतो," ते म्हणायचे, आणि पुढचं पाकीट यायचं.

माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले, एकटे, गावातल्या शूत्सनफेराइनचे, म्हणजे नेमबाजांच्या क्लबचे, जुने सभासद. त्यांच्याकडे शंभर वर्षांहून जुनी एक फौजी रायफल होती. तिच्या गोळ्या ते स्वतः शिसं वितळवून ओतायचे आणि प्रत्येक गोळीला ओल्या कागदाचे बरोबर दोन वेढे द्यायचे. वाळला की कागद घट्ट आवळून बसायचा. नुसतं मऊ शिसं नळीत खरवडून चिकटतं आणि नेमाची वाट लागते. मध्ये कागद असला की ती भानगड नाही. गोळी बाहेर पडली की कागदाच्या चिंध्या समोर उडतात. एकदा मी बघायला गेले होते. गवतावर पांढरा भुगा पडला होता आणि मला मोठी मौज वाटली होती.

एका मे महिन्यात त्यांचा कागद संपला. दुकानदारानं तो ठेवणंच बंद केलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांचं नुकतंच आलेलं पत्र पडलं होतं. त्याचा कोपरा चिमटीत धरून त्यांनी चुरचुर वाजवून पाहिला. "हा कुठे मिळतो हो?"

मी त्या दिवशी आधीच भडकलेली होते. लॅबमधला प्रयोग फसला होता, त्यात हे मुद्दे. तरातरा वर गेले, सगळा गठ्ठा आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. टेबलावरचंही त्यात कोंबलं.

"अहो, पण ही पत्रं आहेत," ते म्हणाले.

"वाचून झालीत."

"नक्की?"

"गेनाऊ," मी म्हटलं, म्हणजे अगदी. खरं सांगायचं तर शेवटची दोन-तीन मी नुसती चाळली होती. त्याच रविवारी बाबांनाही फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, आता कागद पाठवू नका. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर खरंच एकही पाकीट आलं नाही.

ऑगस्टमध्ये बाबा गेले. जिन्यातच कोसळले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरावा झाल्यावर आई म्हणाली, "तुझ्याकडे त्यांची सगळी पत्रं असतील ना गं? पुढच्या खेपेला आण. आम्ही कधी लांब राहिलोच नाही, मला त्यांनी एक ओळ लिहिली नाही." मी होकारार्थी मान हलवली. काय तोंड होतं मला बोलायला?

परत आल्यावर बॅगसुद्धा न उघडता घरमालकांचं दार ठोठावलं आणि सांगितलं. म्हातारा पांढराफटक पडला. 'मी विचारलं होतं तुम्हाला,' असं म्हणू शकले असते, म्हणाले नाहीत. उन्हाळ्यातल्या स्पर्धांत गठ्ठा संपला होता. केलरमधून, म्हणजे तळघरातून, ते एक लाकडी ठोकळा घेऊन आले. त्यात उरलेल्या सात गोळ्या उभ्या होत्या.

त्या आम्ही कोमट पाण्यात बुडवल्या. त्यांनी एकेक कागद जपून उलगडला आणि टॉवेलवर पसरला. टाइपची शाई जराही फुटली नव्हती. बोटभर लांबीच्या पट्ट्या, प्रत्येकीवर तीन-चार तुटक्या ओळी. 'आंबा यंदा उशिरा', 'कान झाकून जात जा', 'आईच्या चष्म्याची काडी'. मी रडत रडत मोठ्यानं वाचत होते. एक अक्षर कळत नसताना घरमालक प्रत्येक पट्टीला मान डोलवत होते.

सातवी पट्टी त्या टेबलावरच्या पत्राची होती. 'जिना चढताना छातीत'. खाली 'फोनवर आई शेजारी असते म्हणून'. त्याखाली 'तिकडे कुणा डॉक्टरला विचारून कळव'.

मी वाचायची थांबले.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"हवामान," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला आईला सहा पट्ट्या दिल्या. केलरमध्ये पाणी शिरलं, एवढ्याच वाचल्या, असं सांगितलं. तिनं त्या पोथीत ठेवल्यात आणि रोज काढून वाचते. मग मला म्हणते, "बघ, किती ठणठणीत होते. दुखण्याखुपण्याचा एक शब्द नाही कुठे."

मी "हो" म्हणते.